परतीच्या तेलाचा पाइप

देवी आपल्या जीपनं आणली तर नानाजींना काय काय मिळणार होतं, ते आधी मांडून ठेवतो. एक नारळ मिळणार होता. एक शाल मिळणार होती, जी आमचं मंडळ दरवर्षी कोणाला तरी पांघरतं आणि जी, माझा अंदाज आहे, दरवर्षी तीच असते. पहिल्या दिवशीच्या आरतीचं ताट हातात मिळणार होतं. भगवानरावांचं तोंड पाहायला मिळणार होतं, आणि खरं सांगायचं तर या एका कलमापुढं शाल-नारळाची बेरीज म्हणजे चिल्लर होती. पण या सगळ्याच्या खाली, माणूस जी कमाई कोणाला दाखवत नाही ती जिथं लिहितो तिथं, एकच नोंद होती : जीप घरात राहणार होती.

नानाजी माझे शेजारी. यवतमाळला लोहाऱ्याच्या अंगाला आमची कॉलनी आहे. तिच्यात आमची फाटकं एकमेकांना लागून. नानाजी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते, मी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात. त्यांनी आयुष्यभर पाणी खाली नेलं, मी आयुष्यभर फायली वर पाठवल्या. दोघंही निवृत्त झालो. माझ्या निवृत्तीची दखल घरच्या मांजरानंसुद्धा घेतली नाही. नानाजींना मात्र उन्हाळ्यात गच्चीवर कूलर धुताना एकदा चक्कर आली, आणि त्या दिवसापासून सगळी कॉलनी त्यांना जपायला लागली.

जपणं म्हणजे काय ते सांगतो. आधी गच्चीची किल्ली गेली. मग स्कूटर गेली. मग चहातली साखर गेली. संध्याकाळी फिरायला निघाले की कोपऱ्यावरचा दुकानदार त्यांच्या पत्नीला, इंदूबाईंना, फोन करायचा, "काका इथवर आले, वहिनी." उरली होती ती जीप. नेर रस्त्याला नानाजींचं वावर आहे, आणि आठवड्यातून एकदा जीप घेऊन तिथं जायचं, बांधावर बसायचं, तुरीशी काय बोलायचं ते बोलून परत यायचं, एवढं एकच काम त्यांच्याकडं शिल्लक होतं. तेही आता मुलाच्या डोळ्यावर आलं होतं. नयन नागपूरहून फोनवर म्हणायचा, "बाबा, कायले पाह्यजे आता जीप? वावर ठेक्यानं देऊन टाका." वणीचा एक माणूस जीप घ्यायला तयारही होता, खाणीवर माणसं ने-आण करायला त्याला हवी होती.

अशात मंडळाची बैठक झाली. आमच्या यवतमाळात दुर्गोत्सव म्हणजे काय असतो ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. एवढंच सांगतो की मूर्तिकाराकडून देवी मंडपात आणायचा मान ज्याच्या गाडीला, तो माणूस पुढं वर्षभर कॉलनीत जरा हळू चालतो. हा मान आजवर कॉलनीतल्याच भगवानरावांच्या ट्रॅक्टरचा होता. पण मागच्या वर्षी ट्रॅक्टरच्या धडधडीनं देवीचा त्रिशूळ रस्त्यात निखळून पडला होता. तो धागा पकडून नानाजी उठले आणि म्हणाले, "यंदा ट्रॉली भगवानरावाची राहू द्या. ओढन माही जीप."

भगवानराव म्हणाले, "ओढू द्या न. माह्या ट्रॅक्टरले तेवढाच आराम." ते हे हसून म्हणाले, पण त्यांच्या हातातला कप बशीवर वाजला. मी अशा गोष्टी टिपून ठेवतो.

घरी आल्यावर इंदूबाईंनी आमच्या फाटकात उभं राहून, म्हणजे दोन साक्षीदारांसमोर, अट सांगितली. "देवी आणता न? आणा. पण रस्त्यात तुमच्या गाडीनं एक जरी नाटक केलं, तं दुसऱ्या दिवशी वणीवाल्याच्या हातात किल्ली देऊन टाकीन. मंग मले बोलू नका."

"आन नाई केलं तं?"

"तं मी बोलनार नाई."

नानाजींनी ती अट जागच्या जागी मान्य केली. पुरुष माणूस अशी अट नेहमी जागच्या जागी मान्य करतो; विचार करायला वेळ घेतला तर तो दिसतो.

जीपनं पहिलं नाटक दुसऱ्याच सकाळी केलं. ती नेहमी आमच्या फाटकासमोर उभी असते, कारण नानाजींच्या फाटकासमोर कडुनिंबाचा पार आहे. माझी पत्नी पुष्पा रांगोळी घालायला गेली तर कालच्या रांगोळीच्या मधोमध तेलाचं काळं कमळ उमटलेलं. तिनं मला हाक मारली. माझा तेलाशी काही संबंध नव्हता, पण नवरा जवळ असला की ती तक्रारीला लांब जाऊ देत नाही.

लोहाऱ्याच्या एमआयडीसीजवळ पूनमसिंगचं गॅरेज आहे. दारव्ह्याकडच्या तांड्यातला माणूस. त्याचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरले, हा इतरांच्या गाड्यांखाली फिरतो. हात बरा आहे, पण जीभ त्याहून बरी. कोणतीही गाडी पाहिली की पहिलं वाक्य ठरलेलं : "इंजिन खोला लागते." एकदा मी माझी सायकल हवा भरायला नेली होती, तेव्हाही तो क्षणभर तिच्याकडं त्याच नजरेनं पाहत होता.

तो जीपखाली गेला आणि बाहेर येऊन म्हणाला, "टर्बोचा परतीचा पाइप चिरला, काका. इंजिन खोला लागते." मग नानाजींचा चेहरा पाहून, "बरं, नाई खोलत."

मला टर्बो म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, आणि न कळणारी बाब मी मंजूर करत नाही. मी विचारलं.

"साहेब, टर्बो म्हंजे भिंगरी," पूनमसिंग हात पुसत म्हणाला. "सायलेन्सरकडं जानारी गरम हवा तिले फिरवते, आन ती इंजिनात ताजी हवा कोंबते. चढावर गाडी जे दम धरते, ते तिच्या भरोशावर. आता एवढी जोरानं फिरते तं तिले तेल लागते. तेल बारीक नळीनं वर जाते, पंपाच्या जोरानं. आंग भिजवलं, काम झालं, का जाड पाइपानं खाली इंजिनाच्या बुडच्या चेंबरात वापस."

"आणि खाली येताना पंप कोणता?"

"खाली याले पंप कायले लागते? तुमी ऑफिसातून घरी येत होते तवा तुमाले कोन ढकलत होतं?"

याचं उत्तर पुष्पानं दिलं असतं, पण ती तिथं नव्हती.

मूळचा लोखंडी पाइप आता कुठं मिळत नव्हता. कंपनीनं तो बनवणं बंद केलं होतं. त्याच्या जागी तेल सोसणारा जाड रबरी पाइप बसवायचा ठरला. प्रश्न उरला तो एवढाच की तो न्यायचा कुठून. पूनमसिंगच्या हिशेबानं हा प्रश्न चहा थंड व्हायच्या आत सुटणारा होता. पण नानाजींनी जीप तशीच घरी आणली, कारण त्यांच्या मते कोणताही प्रवाह कोठून न्यायचा हे जागेवर पाहणी करून, बाधित लोकांचं म्हणणं ऐकून ठरवायचं असतं.

बाधित लोक कडुनिंबाखाली जमले. भगवानरावांनी सुरुवात केली, "माह्या ट्रॅक्टरले टर्बोच नाई. म्हणून पाइपाचा तंटाच नाई." हे झाल्यावर त्यांनी मनापासून सल्ला दिला : घराचं सांडपाणी ईशान्येला काढू नये म्हणतात, तेव्हा गाडीचंही तेवढं पाहावं.

"भगवानराव, गाडी वळते," मी म्हणालो.

"मंग वळल्यावर पाह्यजा."

पूनमसिंगची सूचना होती की चेंबरच्या अगदी तळाशी एक भोक तयारच आहे, त्यात पाइप खुपसून मोकळं व्हावं. इथं नानाजींनी हात वर केला. माणूस निवृत्त झाला तरी त्याचा हात कसा वर होतो यावरून त्याचं खातं ओळखता येतं.

"तळाशी तेल भरून असते का नाई?"

"असते न."

"मंग भरल्या तळ्याच्या बुडाशी कालवा सोडतं का कोनी? तळं म्हनन, माह्याजवळच जागा नाई. पानी मागं सरकन आन वरच्या वावरात फुगन. पाइप तेलाच्या पातळीच्या वर सोडा लागते."

पूनमसिंगनं डोकं खाजवलं आणि म्हणाला, "हे बरोबर हाय." आजवर त्यानं हे वाक्य कुणा गिऱ्हाइकाला ऐकवलं नसावं. नानाजींची छाती जी फुगली ती पुढं बरेच दिवस उतरली नाही. एका बरोबर उत्तरानं माणसाचं जेवढं नुकसान होतं तेवढं दहा चुकांनी होत नाही; पुढचं उत्तर तो तपासतच नाही.

कारण आता दोन मार्ग उरले. जवळचा मार्ग वीतभर, सरळ खाली, पण सायलेन्सरच्या तापलेल्या नळीला घासून. लांबचा मार्ग इंजिनाला मागून वळसा घालून, हातभर. पूनमसिंग म्हणाला, "जवळून घ्या, काका. मधात पत्र्याची आड लावून देतो."

"रबर जळन."

"आड लावतो म्हन्तो न!"

"लोहाराच्या भट्टीपासून कालवा नेत नसतात," नानाजी म्हणाले, आणि विषय संपला. त्यांनी लांबच्या मार्गाचा उभा छेद कागदावर काढला. कपाटातून उतार मोजायची पाणसळ काढली, जी निवृत्त होताना खात्यात परत करायची असते अशी माझी समजूत होती, पण मी बोललो नाही. मग आम्ही दोघं जीपखाली झोपलो. ते पाइपाला पाणसळ लावत होते आणि मी टॉर्च धरून होतो. माझ्या उभ्या नोकरीत मी कोणत्याही बाबीच्या इतका खाली गेलो नव्हतो. वरून पुष्पाचा आवाज आला, "आतमधी दोघं काय करून राह्यले?" आणि इंदूबाईंचा, "खेळू द्या, वहिनी."

उतार भरला चार बोटांचा. "फार नाई, पण पुरे," नानाजी म्हणाले. "कालव्याले तरी कुठं जास्त असतो? पानी निघालं पाह्यजे, बस."

पूनमसिंगनं पाइप बसवला, आम्ही बाजूला झालो, आणि त्यानं म्हटलं, "आता फिनिशिंग करून देतो." फिनिशिंगमध्ये आम्ही कोणी लक्ष घातलं नाही. जीप सुरू झाली, तेलाचा थेंब पडला नाही. नानाजी कॉलनीत जरा हळू चालायला लागले.

पुढं एक दिवस भगवानराव ट्रॉली घेऊन आले. ती जीपच्या हुकाला बसते का हे पाहायचं होतं. त्यांनी वाकून, गुडघे टेकून, गाडीखाली डोकावून सगळं पाहिलं आणि "बसते" म्हणून गेले. ज्या माणसाचा मान गेला तो गुडघे टेकून ट्रॉली जोडून देतो, याचं मला तेव्हा कौतुक वाटलं आणि थोडा संशयही आला. दोन्ही भावना मी शेजारी शेजारी ठेवल्या.

मग पोलिसांची परवानगी. मिरवणुकीच्या अर्जाला गाडीची कागदपत्रं जोडायची होती, आणि जीपचं धुराचं प्रमाणपत्र, म्हणजे पीयूसी, संपलेलं होतं. मंडळाचा कोषाध्यक्ष म्हणून मी सोबत गेलो. पीयूसीवाल्याची टपरी रस्त्याच्या कडेला चढावर आहे. त्यानं जीप नाक वर करून उभी करायला लावली, चाकामागं दगड ठेवला, सायलेन्सरमध्ये नळी घातली. यंत्रातून धूर जवळजवळ नाहीच असा कागद बाहेर आला. नानाजींनी तो माझ्यापुढं धरला. "पाह्य भाऊ. या वयात आपल्या दोघायचेही आकडे असे येत नाई."

आम्ही सपाट रस्त्याला लागलो आणि मागं निळा पडदा पडला. धूर म्हणजे किती? मागचा ऑटोवाला दिसेनासा झाला, फक्त त्याच्या शिव्या ऐकू येत होत्या. चौकात वाहतूक पोलिसानं हात दाखवला. नानाजींनी त्याला कागद दिला. तो अजून यंत्रातून निघाल्यासारखा कोमट होता. पोलिसानं कागद पाहिला, मग धूर पाहिला, मग पुन्हा कागद पाहिला. त्याच्या मनातली ओढाताण मला समजली. मी लेखा विभागात होतो. शेवटी तो म्हणाला, "कागद तं बरोबर आहे," आणि खोकत बाजूला झाला.

पूनमसिंगनं सायलेन्सरच्या तोंडाशी बोट फिरवलं, वास घेतला. "तेल जळून राह्यलं. पिस्टनच्या रिंगा गेल्या, काका. आता मातर इंजिन खोलाच लागते." त्याच्या आवाजात खूप दिवसांनी न्याय मिळालेल्या माणसाचं समाधान होतं. पण इंजिन खोललं तर आठवडा जाणार होता, आणि घट परवा बसणार होते.

नानाजी पारावर बसले. इंदूबाई ओसरीत फोनवर बोलत होत्या, मुद्दाम मोठ्यानं नाही पण मुद्दाम हळूही नाही. "हो भाऊ. देवी बसली का दुसऱ्या दिवशी या. सकाळीच या." मी नानाजींकडं पाहिलं नाही. या माणसानं कालव्याच्या शेवटी, टेलच्या शेतकऱ्याला पाणी पोचावं म्हणून कालव्याच्या तोंडाशी, हेडच्या बड्या लोकांचे बांध स्वतः फोडले होते, दोनदा मार खाल्ला होता. आता तो जीपच्या किल्लीची साखळी बोटाभोवती गुंडाळत होता आणि सोडत होता.

"भाऊ," ते म्हणाले, "वर चढताना सगळे ढकलतात. खाती, सायब, बायको, लेकरं. काम झाल्यावर मानसानं परत कुठून याचं, ते कोनी ठरवूनच ठेवत नाई."

मी म्हणालो, "चहा घेता का?" अशा वेळी मला एवढंच सुचतं.

घटस्थापनेच्या दिवशी मी धुवून ठेवलेला पांढरा पायजमा काढला तर त्यात नाडा नव्हता. पुष्पाला विचारलं. ती देव्हाऱ्याकडं पाहत म्हणाली, "असन कुठी तरी." कोषाध्यक्षाला उशीर चालत नाही. मंडपाच्या कामाची सुतळी हाताशी होती. ती ओवली आणि निघालो. सुतळी माणसाला टोचते, पण बाहेरून दिसत नाही. मध्यमवर्गीय माणसाच्या बहुतेक अडचणी अशाच असतात.

मूर्तिकाराकडं देवी ट्रॉलीत चढली. जीप पुढं, ढोल तिच्याही पुढं, आरत्या घेतलेल्या बायका दोन्ही बाजूंना, आणि सगळ्यांच्या मागं भगवानराव, आपला ट्रॅक्टर झेंडूच्या माळांनी सजवून. "सहज आणला," ते म्हणाले. "देवीच्या मागं मानूस रिकाम्या हातानं कसा येन?"

पहिल्या वळणापर्यंत लोकांनी धुराला धूप समजून हात जोडले. दुसऱ्या वळणापर्यंत बायकांनी पदर नाकाला लावले. ढोलवाले लांब जाऊन वाजवायला लागले. देवीचे डोळे तेवढे उघडे होते; बाकी सगळ्यांचे चुरचुरत होते. इंदूबाई आरतीचं ताट घेऊन जीपच्या बाजूनं चालत होत्या आणि काही बोलत नव्हत्या. अट पाळायची त्यांची ही पद्धत होती. मागून भगवानरावांच्या ट्रॅक्टरचा आवाज येत होता, आणि मला तो दर पावलाला जरा जवळ आल्यासारखा वाटत होता.

मग चढाव लागला, आणि धूर थांबला.

असा थांबला की पूनमसिंग, जो अवजारांची पिशवी घेऊन सोबत चालत होता, त्यानं दोन्ही हात वर करून तांड्याच्या बोलीत देवीआईच्या नावानं आरोळी ठोकली, "जय जगदंबा याडी!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. चढ संपला, गाडी सपाटीवर आली, आणि देवी पुन्हा निळ्या ढगात गेली.

नानाजींनी गाडी थांबवली. मी शेजारी बसलो होतो. त्यांनी समोर पाहत विचारलं, "भाऊ, पीयूसीवाल्याकडं गाडी कशी उभी होती?"

"नाक वर करून."

"आन आता चढावर?"

"नाक वर करूनच."

"रिंगा गेल्या असत्या तं त्याईले चढ-उतार काय समजला असता?" ते खाली उतरले. टोपी काढून माझ्या हातात दिली. आणि कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कुडत्यासकट भर रस्त्यात, ढोल-ताशासमोर, जीपखाली शिरले. माझ्या मोबाईलचा उजेड धरायला मलाही वाकावं लागलं. सुतळीनं आपलं काम केलं.

जीपखालून नानाजींचा आवाज आला. खात्यात असताना चोरून घातलेला बांध सापडला की असाच येत असणार.

"पाइप वर कोनी बांधला?"

मी पाहिलं. आम्ही चार बोटांच्या उतारानं सोडलेला पाइप आता मधोमध कमानीसारखा वर उचललेला होता. खाली येणारं तेल कमानीपाशी अडत होतं, मागं टर्बोत तुंबत होतं, तिथून सायलेन्सरमध्ये गळून जळत होतं. गाडीनं नाक वर केलं की कमान आडवी व्हायची आणि तेलाला वाट मिळायची. आणि त्या कमानीला एक नव्हे, तीन गाठी होत्या.

पहिली गाठ होती बांधकामाच्या तारेची. पूनमसिंगनं लगेच ओळखली. "ते म्या बांधली. फिनिशिंग! लटकन कायले ठेवू, काका? तुमची गाडी वावरात जाते. पऱ्हाटीच्या खुंटाले अटकून उपटून आला असता."

त्याचं चूक नव्हतं. आमच्या मुलखात गाडीखाली लोंबणारी वस्तू दिसली की हात आपोआप तारेकडं जातो. कापसाच्या खुंटांनी इतक्या नळ्या, वायरी आणि ब्रेकचे पाइप खाल्लेत की मोकळं लोंबणारं काही माणसाला बघवत नाही.

दुसरी गाठ होती निळ्या नायलॉन दोराची. तो दोर ट्रॉलीच्या कडीला बांधलेला सगळ्यांनीच पाहिला होता. गर्दीत कुजबुज झाली. कोणी तरी "तरीच म्हनलं!" असंही म्हणालं. भगवानराव ट्रॅक्टरवरून उतरले, पुढं आले, आणि आयुष्यात प्रथमच मी त्यांना लाजलेलं पाहिलं.

"म्याच बांधला," ते म्हणाले. "ट्रॉली जोडाले आलतो तई दिसला. तारेनं बांधून होता, तरी ढिला वाटला. म्हनलं, देवीच्या दिवशी तुटला तं नानाजीची इज्जत जाईन."

"तुमी बांधला?" नानाजी जीपखालूनच म्हणाले.

"मले तुमची गाडी पाडाची असती नानाजी, तं म्या सोडाले आलो असतो. बांधाले कायले येऊ?"

मी माझ्या मनातला जुना संशय कौतुकाच्या खात्यात वळता केला.

तिसरी गाठ पांढरी होती. म्हणजे मूळची पांढरी. आता तेलानं काळी झाली होती. तिच्या टोकाला जो बारीक पीळ होता तो मी दोन वर्षं रोज सकाळी पाहिलेला होता. माझा हात आपोआप सुतळीवर गेला. मी पुष्पाकडं पाहिलं. ती देवीकडं पाहत होती.

"माह्या रांगोळीवर लोंबत होता न तो," ती देवीलाच सांगितल्यासारखं म्हणाली. "म्हनलं, पुन्हा तेल गळन, पुन्हा सगळे पाइपवाल्यालेच बोलतीन. हाती जे आलं त्यानं बांधला."

नानाजी रस्त्यावर पाठीवर पडून होते. मला वाटलं रागावतील. पण त्यांचं पोट हलायला लागलं. ते हसत होते, आवाज न करता. मग थांबले, आणि पाइपाकडं पाहत म्हणाले, "सगळ्यायनं जपलं बिचाऱ्याले. त्याले काही नको होतं. काम करून खाली येऊ द्याचं होतं, बस."

हे त्यांनी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. पण इंदूबाई अगदी जवळ उभ्या होत्या. त्यांनी ताट पुष्पाच्या हातात दिलं. हार करणाऱ्याच्या पिशवीतून कात्री काढली. नव्या साडीचा पदर खोचला आणि जीपशेजारी रस्त्यावर बसल्या.

"सरका तिकडं," त्या म्हणाल्या.

"अवो, गरम हाय ते."

"मले समजते गरम काय असते ते."

त्यांनी माझा नाडा कापला. मग भगवानरावांचा दोर कापला. तार कात्रीला मानेना, ती पूनमसिंगनं पकडीनं उलगडली. कमान हळूच खाली बसली. नानाजींनी पाइपाखाली चार बोटं आडवी धरून पाहिली, आणि बाहेर आले. कुडत्याच्या पाठीवर अख्खा रस्ता उमटला होता.

जीप सुरू केली. धूर तसाच.

लोकांचा धीर सुटला. पूनमसिंग ओरडला, "थांबा, थांबा! गाडी उभी होती तवा सायलेन्सरात उतरलेलं तेल जळून राह्यलं. ते संपू द्या!" पण हा तोच पूनमसिंग होता ज्यानं रिंगा घालवल्या होत्या, त्यामुळं विश्वास कोणाचा बसेना. गुरुजी घड्याळ पाहत होते. मंडळाचे दोघंतिघं माझ्याकडं आले की साहेब, आता ट्रॅक्टर लावून टाकू. भगवानराव आपल्या गाडीकडं वळलेही. आनंदानं नाही, आपलं काम म्हणून.

"बसा, भगवानराव," इंदूबाई म्हणाल्या. "थांबू थोडं."

अट त्यांचीच होती. ती तिथल्या तिथं पुरी करून घ्यायची संधी समोर उभी होती, साक्षीदारांसकट. आणि त्या म्हणाल्या, थांबू थोडं.

मग आम्ही सगळे, देवी धरून, एका सायलेन्सरकडं पाहत उभे राहिलो. धूर निळ्याचा राखाडी झाला. राखाडीचा पांढुरका झाला. मग ढोलवाल्या पोरांपैकी एकानं श्वास घेऊन पाहिला, आणि टिपरू उचललं. मंडपात पोचलो तेव्हा मुहूर्त टळून गेला होता. गुरुजींनी तो जरा लांबवला. मुहूर्तही त्या पाइपासारखा चांगल्या रबराचा असतो हे त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या सकाळी वणीचा माणूस आला. इंदूबाईंनी त्याला फराळाचं दिलं, चहा दिला, देवीचं दर्शन घडवलं आणि बसस्टँडचा रस्ता दाखवला. दसरा झाल्यावर पूनमसिंगनं पाइप जवळच्या मार्गानं घेतला, मधे पत्र्याची आड लावून. आता उतार इतका सरळ आहे की बांधायला कोणाला जागाच सापडत नाही. नानाजी आठवड्यातून एकदा नेर रस्त्याला जातात, एकटे.

तेव्हा आता कोणी काय भरलं ते. नानाजींचा कुडता गेला. तो पुसणं म्हणून जीपमध्येच नोकरीला लागला. पूनमसिंगच्या तोंडचं "इंजिन खोला लागते" गेलं, हल्ली तो गाडीखाली पाहून आधी विचारतो, "कोनी काही बांधलं नाई न?" भगवानरावांचा दोर गेला, पण मंडळानं शाल त्यांनाच पांघरली, नानाजींच्याच सांगण्यावरून, त्यामुळं ते खातं जमेत आहे. पुष्पाचं काही गेलं नाही. तिचं कधीच जात नाही. माझा नाडा गेला. मी नवा मागितला तेव्हा "सुतळी काय वाईट आहे?" असं उत्तर आलं.

पण हे सगळं एकदाच गेलं आणि मिटलं. इंदूबाई मात्र दर आठवड्याला भरतात. नानाजी निघाले की त्या फाटकात येतात, काही तरी सांगायला तोंड उघडतात, आणि मिटतात. फोन करत नाहीत. कोपऱ्यावरच्या दुकानदारालाही त्यांनी फोन करायची मनाई केली आहे. दिवसभर ओसरीत बसून तीच ती तूर पुन्हा पुन्हा निवडतात. मोडावर जीप वळल्याचा आवाज आला की उठून आत जातात आणि चहा मांडतात.

नानाजींना यातलं काही माहीत नाही. त्यांना वाटतं, आपल्या घरी चहा नेहमी वेळेवरच होतो.